पिवळे पडलेले कॅनव्हासचे बूट

भावाने टाकून द्यायला काढलेले पांढरे कॅनव्हासचे बूट मी मागून घेतले. आमचं दोघांचं माप एकच आहे (त्यावरून लहानपणापासून जे ऐकलंय ते पुन्हा कधीतरी लिहीन). बूट फाटलेले नव्हते, सोल झिजलेला नव्हता, वासही नव्हता, फक्त पिवळे पडले होते. तेही सगळीकडे सारखे नाही. चवड्यावर मोठाले पसरट डाग, खालची रबराची पट्टी जिथे कापडाला लागते तिथे गोल फिरून गडद कड, आणि शिवणींच्या बाजूने रेघा. भाऊ म्हणाला, "ताई, नको नादी लागूस, मी जेवढे धुतो ना तेवढे जास्त पिवळे होतात ते."

त्याच्या ह्या वाक्यातच सगळं होतं खरं तर. धुतल्यावर वाढतोय तो मळ कसा असेल? खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की दर वेळी साहेब बूट मशीनमध्ये टाकायचे, पावडर सढळ हाताने, डाग जावेत म्हणून वरून क्लोरीनवालं ब्लीच, आणि मग वाळत घालायचे कडकडीत उन्हात. पांढरे बूट पिवळे करायला जे जे लागतं ते सगळं मन लावून केलेलं.

हे का होतं ते आधी सांगते, कारण ते एकदा कळलं की पुढे काय करायचं ते आपोआप सुचत जातं. कॅनव्हासचा बूट बाहेरून एका कापडाचा दिसतो पण बऱ्याच बुटांत ती दोन कापडं असतात, बाहेरचं जाड कॅनव्हास आणि आतलं अस्तर, आणि दोन्ही एकमेकांना चिकटवलेली असतात. खाली पट्टी चिकटवलेली, आतला सोल चिकटवलेला. साबणाचं पाणी ह्या सगळ्या थरांत आरामात शिरतं, पण बाहेर यायला ते अजिबात तयार नसतं, नळाखाली मिनिटभर बूट धरला आणि वरचा फेस गेला की आपल्याला वाटतं झालं. मग बूट वाळायला लागतो. पाणी उडून जातं ते बाहेरच्या बाजूने, म्हणजे आतलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं आणि येताना जे जे विरघळलंय ते सगळं घेऊन येतं, उरलेला साबण, आत मुरलेला जुना मळ, चिकटवणातून सुटलेलं काहीबाही, पाण्यात लोह असेल तर तेही. पाणी जातं उडून आणि बाकीचं वरच बसतं, नेमकं दिसेल अशा जागी. जिथे थर जाड आहेत, म्हणजे पट्टीपाशी आणि शिवणीत, तिथे ओल शेवटपर्यंत टिकते म्हणून डागही तिथेच गडद.

ब्लीचचं म्हणाल तर सुती धाग्यावरचा रंग ते काढतं हे खरंय, पण चिकटवण आणि शिवणीचा सिंथेटिक दोरा ह्यांना ते सोसत नाही, ते पिवळे पडू शकतात, आणि सारखं सारखं वापरलं तर सुती धागाही कमजोर होतो. वर परत ऊन. रबर उन्हाने पिवळं पडतं आणि कडकही होतं.

तर ठरवलं की ह्या वेळी घासायचं कमी आणि खळबळायचं जास्त.

पाण्याला हात लावायच्या आधी नाड्या काढल्या, आतला सोल निघत होता तो काढला (निघत नसेल तर ओढू नका, फाटतो) आणि कोरड्या ब्रशने बूट झाडले. ही पायरी सगळे गाळतात. धुळीवर पाणी पडलं की तिचा चिखल होतो आणि तो विणीत जाऊन बसतो, म्हणून चिखलाचे बूटसुद्धा आधी पूर्ण वाळू द्यायचे आणि मगच झाडायचे, ओला चिखल पुसायला गेलं की पसरतोच. पट्टी आणि कापडाच्या सांध्यात जुना टूथब्रश आडवा फिरवला तर बारीक वाळू सुटायला लागली, खाली कागद पसरलेला म्हणून दिसली तरी. ही वाळू नुसती घाण नसते, चालताना बूट तिथेच वाकतो आणि वाळू धाग्यांवर घासत राहते, बरेच कॅनव्हासचे बूट पट्टीच्या काठावर फाटतात त्यात तिचा हात असतो.

मग सोल आणि रबराची पट्टी. हे आधी करायचं, कारण त्यातून निघणारं काळं पाणी कापडावर ओघळतंच, मग कापड दोनदा कशाला धुवायचं. पट्टीवरचे काळे ओरखडे साध्या खोडरबरने जातात, खरंच, शाळेतल्या. जे गेले नाहीत त्यांना पांढरी टूथपेस्ट लावून ब्रश मारला, जेल नाही चालत, आपल्याला त्यातली बारीक खर हवी असते. मेलामाइनचा तो पांढरा स्पंज मिळतो तोही मस्त काम करतो पण तो मुळात अतिबारीक पॉलिशपेपरच आहे, रबराचा वरचा थर घासून काढतो, त्यामुळे रोज उठून त्याने घासू नये आणि कापडावर तर लावूच नये, विणीतून तूस निघतं.

आता पाणी. बूट पाण्यात बुडवला की सोल सुटेल अशी भीती असते आणि ती काही अगदीच खोटी नाही. जुन्या पद्धतीचे कॅनव्हासचे बूट व्हल्कनाइझ केलेले असतात, म्हणजे कच्च्या रबराची पट्टी कापडाला लावून अख्खा बूट भट्टीत तापवतात, रबरातल्या गंधकामुळे ते तिथेच पक्कं होतं आणि कापडाला धरून बसतं. चार्ल्स गुडइयरने रबर असं पक्कं करायचं पेटंट १८४४ साली घेतलं होतं आणि कॉन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७ पासून आहे, मूळ कल्पना अजून तीच. असे बूट थंड-कोमट पाण्याला घाबरत नाहीत. पण नुसत्या गोंदाने जोडलेलेही पुष्कळ असतात आणि तो गोंद गरम पाण्यात नरम पडतो. म्हणून मी एकच बघते, पट्टी कुठे आधीच उचकटली आहे का. असेल तर बुडवायचे नाहीत, ओल्या फडक्यानेच काम भागवायचं. ह्या जोडीची पट्टी सगळीकडे घट्ट होती.

बादलीत नुसतं साधं पाणी घेतलं, साबणाचा एक थेंबही नाही, आणि बूट बुडवून ठेवले. थोड्या वेळाने चवड्यावर अंगठ्याने दाबलं तर विणीतून बारीक पांढरा फेस वर आला! पुन्हा दाबलं, पुन्हा फेस. टाचेपाशी दाबलं तर तिथूनही. म्हणजे कधीकाळची पावडर अजून आतच होती. भावाला हाक मारून दाखवलं, तो बघत राहिला आणि म्हणाला "पण मी तर एक्स्ट्रा रिन्स लावायचो". मशीनच्या रिन्समध्ये बूट ड्रमवर आपटत फिरतात, कापडाच्या दोन थरांतलं पाणी दाबून कोण काढणार? ते हातानेच करावं लागतं, बूट बुडवायचा, मुठीत दाबायचा, पाणी सोडायचा, पुन्हा बुडवायचा. पाणी गढूळ झालं की ओतायचं, नवीन घ्यायचं. किती बादल्या झाल्या मोजल्या नाहीत पण कंटाळा येईपर्यंत झाल्या आणि कंटाळा आल्यावरही काही झाल्या. दाबल्यावर फेस यायचा थांबला की थांबायचं, दुसरी कुठलीही खूण नाही.

एवढ्यानेच चवड्यावरचा डाग निम्मा फिका झाला होता. साबण न लावता.

मग साबण लावलाच, पण किती, तर मगभर कोमट पाण्यात कपड्यांचं लिक्विड चमचाभरही नाही. पावडर नको, तिचे कण विणीत अडकतात. मऊ ब्रश त्या पाण्यात बुडवून, झटकून, अंगठ्यापासून वर घोट्याकडे, आधी विणीच्या उभ्या धाग्याने मग आडव्या धाग्याने, गोल गोल नाही. ब्रशमागून लगेच ओलं फडकं, म्हणजे सुटलेला मळ फेसासकट फडक्यात येतो. आणि एक गोष्ट, एकच डाग आहे म्हणून तेवढीच जागा धुवायची नाही. तेवढीच जागा ओली केली की मळ ओल्याच्या कडेपर्यंत सरकतो आणि वाळल्यावर तिथे गोल कड उठते, मूळ डागापेक्षा ती जास्त दिसते. धुवायचं तर निदान एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण तुकडा.

डावीकडच्या बुटावर तेलकट काहीतरी सांडलेलं होतं, ते मी पाण्यात घालायच्या आधीच भांड्यांच्या लिक्विडचा थेंब कोरड्या कापडावर चोळून काढलं होतं, पाणी लागल्यावर तेल निघायला जास्त वेळ लागतो. गवताचे हिरवे डाग स्पिरिटने सुटतात. लेसच्या भोकांभोवती तांबूस कडी दिसली तर तो गंज असतो, त्याला सायट्रिक ॲसिड किंवा लिंबू, लावून थोडा वेळ ठेवून धुवायचं. गंजावर ब्लीच मात्र नाही, त्याने डाग पक्का होतो.

उरलेल्या पिवळ्यासाठी ऑक्सिजन ब्लीच घेतलं, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. ही पूड पाण्यात पडली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो, डागाचा रंग पेरॉक्साइड काढतो. थंड पाण्यात ते रेंगाळतं, साधारण ४० डिग्रीला, म्हणजे हात आरामात बुडेल इतपत गरम पाण्यात, बरं चालतं. आणखी गरम केलं तर आणखी जोरात चालेल पण मग चिकटवणाचं काय, म्हणून तेवढ्यावरच. बूट तासभर ठेवले, नाड्या त्याच बादलीत. बुटाला कुठे चामड्याचा तुकडा असेल तर हे करू नका. आणि उरलेलं पाणी बाटलीत बंद करून ठेवू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगते, फुटूही शकते. नाड्या तर अशा पांढऱ्या झाल्या की बूट त्यांच्यापुढे मळकट दिसायला लागले, ही एक वेगळीच पंचाईत.

आता गंमत अशी की परकार्बोनेट स्वतःच अल्कलीधर्मी आहे, म्हणजे आत राहिलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून परत सगळं खळबळणं आलं, परत दाबून पाणी काढणं, आणि सगळ्यात शेवटी एका बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून त्यात बूट दहाएक मिनिटं. जी काही अल्कली आत उरली असेल ती ह्याने मारली जाते. मग एकदा साधं पाणी. व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच चुकूनही एकत्र येऊ द्यायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो, बुटांवर नुकतंच ब्लीच वापरलेलं असेल तर हे व्हिनेगर प्रकरण विसरा. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावायचा जो प्रकार सगळीकडे दाखवतात तो मला कधी पटला नाही, फसफसतं छान पण ते दोघं एकमेकांनाच मारून टाकतात, हातात उरतं जवळजवळ खारं पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे.

खरी मेहनत ह्याच्या पुढे आहे, वाळवण्यात, आणि लोक नेमके इथे बूट कट्ट्यावर टाकून निघून जातात.

बूट पिळायचे नाहीत. जाड टॉवेलात गुंडाळून दोन्ही हातांनी दाबले, टॉवेल बदलून परत. आत जुना पांढरा सुती कपडा ठासून भरला, पुढच्या टोकापर्यंत, कारण ओलं कॅनव्हास आकसतं आणि वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात बसतं. वर्तमानपत्र पाणी छान शोषतं पण पांढऱ्या बुटात छापील कागद मी भरत नाही, शाई उतरते. मग बाहेरून साधा पांढरा टिशू पेपर, बिनछापाचा, एकेक पदर घेऊन ओल्या कापडावर चिकटवत गेले. ओला टिशू आपोआप बसतो, फक्त ब्रशच्या केसांनी हलकं थोपटत हवा काढायची, शिवणीच्या खाचेत, पट्टीच्या सांध्यात नीट दाबून. दोन-तीन पदर झाले. ह्याच्यामागचं कारण वरचंच, पाणी बाहेर येताना मळ घेऊन येणारच आहे ना, मग त्याला बसायला बुटाच्या वरती आणखी एक थर द्यायचा, म्हणजे तो कापडावर न बसता कागदावर बसेल.

सावलीत, पंख्याखाली, टाच खाली आणि चवडा वर असे भिंतीला टेकवून ठेवले, म्हणजे जे निथळायचं ते टाचेकडे निथळतं. आतलं कापड ओलं झालं की बदललं. ड्रायर नाही, हेअर ड्रायर नाही, हीटरसमोर नाही. उष्णतेने कापड आकसतं, गोंद नरम पडतो, आणि वरचा भाग भराभर वाळला की आतलं पाणी आणखी जोरात वर येतं.

कागद पूर्ण वाळून कडक झाल्यावर काढला, करकरीत सोलून येतो तो. कागदावर पट्टीच्या काठाची पिवळट तपकिरी रेघ जशीच्या तशी उमटली होती, दोन्ही बुटांची, शिवणींच्या रेघाही. आणि कापड पांढरं! दुकानातल्यासारखं नाही, पण बघणाऱ्याने पांढरे बूट म्हणावं इतकं. फक्त उजव्या बुटाच्या जिभेजवळ, जिथे कागदाखाली हवा राहिली होती, तिथे बरोबर त्या बुडबुड्याच्या आकाराचा पिवळा ठिपका होता. तेवढा भाग शिवणीपर्यंत ओला करून परत कागद लावला तेव्हा गेला. पट्टीचं रबर मात्र मूळचंच पिवळं पडलेलं आहे, ते घासून जात नाही कारण तो मळ नाही, रबर जुनं झालंय. पेरॉक्साइडचं क्रीम लावून उन्हात ठेवायचा एक उपाय करतात लोक, थोडा फरक पडतो म्हणे, मला त्या उन्हाचीच भीती म्हणून नाही केला.

हे झाल्यावर साहजिकच हात शिवशिवायला लागले आणि माझी काळी जोडी काढली. रंगीत कॅनव्हासचं सगळं उलटं. आधी आतल्या बाजूला ओलं पांढरं फडकं घासून रंग लागतो का बघायचं. माझ्या जोडीचा लागला, राखाडी. मग बुडवायचा प्रश्नच नाही, थंड पाणी, अगदी पातळ साबण, फडक्यानेच, आणि लगेच कोरडं. मीठ घातल्याने रंग पक्का होतो असं सांगतात पण रंग पक्का करायचं काम कापड रंगवतानाच होतं, घरी मिठाच्या पाण्यात बुडवून काही होत नाही. काळ्यावर साबण राहिला तर पिवळ्याऐवजी पांढरट पडदा दिसतो, कारण तेच.

पांढऱ्या बुटांना वरून लावायचं ते पांढरं लिक्विड पॉलिश मिळतं, ते मी लावलं नाही. एका दिवसासाठी ठीक आहे, पण तो रंगाचा थरच असतो, विणीत भरतो, बूट वाकतो तिथे तडकतो आणि पॅन्टच्या काठाला लागतो, आणि पुढच्या वेळी धुताना आधी तो काढत बसा. नीळ चालते, शेवटच्या पाण्यात अगदी थेंबभर आणि आधी नीट ढवळून, पिवळ्यावर निळसर झाक आली की डोळ्यांना पांढरं दिसतं. पण ती लपवाछपवी झाली, आत साबण असेल तर पिवळं परत येतंच.

तेव्हापासून हे बूट मीच वापरते. रोज तेच घालत नाही, एक दिवस आड, कारण पायाचा घाम आत मुरतो आणि तो वाळायला रात्र पुरत नाही, ओलसर बुटात जंतू वाढतात आणि वास त्यांचा असतो, घामाला स्वतःला फारसा वास नसतो. घरी आलं की नाड्या सैल करून जीभ बाहेर काढून ठेवते आणि कोरडा ब्रश मारते, त्यात काय जातंय. आतला सोल अधूनमधून काढून हवेवर. पूर्ण धुणं मात्र शक्य तितकं लांबवते, कारण एवढा सगळा उद्योग सारखा सारखा होत नाही आणि अर्धवट धुण्यापेक्षा न धुतलेले बूट पुष्कळ बरे. पाणी न धरणारा स्प्रे मारून बघितला, चांगला आहे, थेंब वरच्या वर घरंगळतात, पण तो पूर्ण स्वच्छ आणि पूर्ण कोरड्या बुटावरच मारायचा, नाहीतर आहे तो मळ आत कायमचा कोंडला जातो, आणि उघड्यावर मारायचा, तो वास छातीत जाऊ देऊ नये.

परवा बघितलं तर करंगळीपाशी, जिथे बूट वाकतो तिथे, उजव्या बुटाचं कापड विरायला लागलंय. भोक पडायच्या आधीच आतून अस्तराच्या बाजूने जुन्या जीन्सचा तुकडा लावला, कडा गोल कापून, म्हणजे टोकं उचकटत नाहीत, कापडाच्या गोंदाने चिकटवून वर बारीक टाके. बोटाला लागत नाही. भाऊ आता म्हणतोय बूट परत दे, त्याला म्हटलं काळी जोडी घे, तिचा रंग जातो, सांभाळून धू.